सहा कोअर आणि कूलरची एक पिन

पीसीवर खेळ अडखळतोय म्हणून तीनदा विचारलं, आणि दुकानदाराने तिन्ही वेळा मला एकच सांगितलं, "साहेब, ग्राफिक्स कार्ड बदला." प्रत्यक्षात घोडं अडलं होतं प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या एका पिनपाशी. त्यात माझे तीन आठवडे गेले, म्हणून हे लिहून ठेवतोय.

घरच्या प्लेस्टेशन २ ची लेन्स गेल्यापासून माझ्या आणि धाकट्या भावाच्या डिस्क कपाटात पडून होत्या. त्या पीसीएसएक्स२ वर, म्हणजे पीसीला प्लेस्टेशन २ सारखं वागायला लावणाऱ्या एम्युलेटरवर, चालवायच्या ठरवल्या. पीसी होता एएमडी फेनम टू एक्स६ १०५५टी, २०१० चा. सहा कोअर म्हणून मी निर्धास्त होतो. पण एम्युलेटरची नवी आवृत्ती उघडेचना. तिला एसएसई ४.१ हा प्रोसेसरमधल्या सूचनांचा संच लागतो, फेनममध्ये तो नाही. त्याच्याकडे एसएसई ४ए आहे, आणि नावं जवळची असली तरी ही दोन्ही वेगळी. जुनी १.६ आवृत्ती उघडली, पण खेळातली शर्यत सुरू झाली की सेकंदाला ५० पैकी जेमतेम ३० फ्रेम.

मूळ कन्सोलचा मुख्य प्रोसेसर साधारण २९५ मेगाहर्ट्झचा. पण त्याच्या जोडीला गणितं करणारी दोन व्हेक्टर युनिट, चित्र काढणारी वेगळी चिप आणि इनपुट-आउटपुटचा आणखी एक प्रोसेसर असतो. एम्युलेटरला या सगळ्यांचं काम करायचं आणि त्यांना एका तालात ठेवायचं. त्यामुळे बराचसा भार एकाच कोअरवर येतो, थोडा आणखी एकदोघांवर. बाकीचे कोअर बसून राहतात.

म्हणून लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून वापरलेला आय५-२४०० बोर्डासकट घेतला. २०११ चा, चार कोअर, टर्बोला ३.४ गिगाहर्ट्झ. जुनं जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड त्यातच बसवलं. विंडोज टाकलं, खेळ लावला. पहिली दोन मिनिटं ५० फ्रेम, अगदी लोण्यासारखं. मग आवाज तुटायला लागला आणि आकडा २६ वर आला.

दुकानात फोन केला. उत्तर: ग्राफिक्स कार्ड. बोर्ड घेऊन गेलो, त्यांनी विंडोज चालू करून दाखवलं, "बघा, चालतंय की," आणि पुन्हा ग्राफिक्स कार्ड. खेळ लावून बघा म्हटलं तर वेळ नाही. आठवड्याने परत गेलो, तेच. ठाण्याहून बोर्ड पिशवीत घालून दोन फेऱ्या झाल्या, पण कूलरला कुणी हातसुद्धा लावला नाही. याचा राग अजून आहे.

शेवटी एम्युलेटरमध्येच प्रोसेसरचा वापर पडद्यावर दाखवायची सोय सुरू केली. ईई (कन्सोलच्या मुख्य प्रोसेसरचं काम) ९९ टक्के, जीएस (चित्र काढायचं काम) ३० च्या आसपास. म्हणजे कार्ड निवांत होतं आणि प्रोसेसर घामाघूम. टास्क मॅनेजरमध्ये वेग बघितला तर १.६ गिगाहर्ट्झ! पॉवर प्लॅन बदलून पाहिला, फरक नाही. मग तापमान पाहिलं: ९८ अंश. प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग पाडत होता.

केस उघडून कूलर हलक्या हाताने दाबला तर एक कोपरा डुलला. चारपैकी एक पिन बोर्डात अडकलीच नव्हती. कूलर काढला तर खालची, उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी भुरभुरली. स्पिरिटने पुसलं, वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली, चारही पिना कट् आवाज येईपर्यंत दाबल्या. तापमान ६४ च्या वर गेलं नाही. तासभर शर्यती केल्या, आकडा ५० वरून हलला नाही. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो.

बायोसचं राहिलंच. बायोस म्हणजे कन्सोलचं आतलं मूळ सॉफ्टवेअर, एम्युलेटरला ते लागतं. ती आपल्याच कन्सोलमधून काढावी. लेन्स गेली असली तरी फ्री एमसीबूट (डिस्कशिवाय प्रोग्रॅम चालवू देणारं सॉफ्टवेअर) असलेल्या मेमरी कार्डावरून काम होतं.

जुना प्रोसेसर घेणाऱ्यांनी आधी एसएसई ४.१ बघा. कोअर टू ड्युओ ई८४०० मध्ये आहे, ई६६०० मध्ये नाही. एफएक्स-६३०० मध्येही आहे, पण त्याचा एकेक कोअर आय५-२४०० च्या कोअरपेक्षा कमी काम उरकतो, शिवाय दोन-दोन कोअर मिळून एकच फ्लोटिंग पॉइंट युनिट वापरतात. स्वस्त मिळाला तरी यासाठी मी घेणार नाही. चार कोअर असतील तर एम्युलेटरमधलं एमटीव्हीयू (व्हेक्टर युनिटचं काम वेगळ्या कोअरवर टाकणारी सोय) चालू ठेवा. चौथ्या पिढीचा आय५ मिळाला तर उत्तमच, पण त्याला बोर्डही वेगळा लागतो, आय५-२४०० च्या ११५५ सॉकेटमध्ये तो बसत नाही. आणि दुकानातच दहा मिनिटं खेळ चालवून, तापमान बघून मगच पैसे द्या. "वेळ नाही" म्हणाले तर सरळ पुढच्या दुकानात जा.

रविवारी भाऊ येतोय. दुसरा कंट्रोलर जोडून ठेवलाय.