भुताला नियम हवेत

भुतांचे सिनेमे मला मनापासून आवडतात आणि आमच्या घरात ते दुसऱ्या कुणालाही सोसत नाहीत. नवरा दहाव्या मिनिटाला ‘उद्या ऑफिस आहे’ म्हणून उठतो. त्यामुळे मी ते एकटीच बघते, इयरफोन लावून, भांडी आवरून झाल्यावर. समीक्षणातलं मला काही कळत नाही. घाबरले की नाही, एवढंच मी बघते.

आणि हल्ली मी फारशी घाबरत नाही. का, ते ‘मुंज्या’ बघताना लक्षात आलं. त्याची सुरुवात झकास आहे. 1952 साल, कोकण, मुंज झालेला हट्टी गोट्या, त्याला हवी असलेली वयाने मोठी मुन्नी. मुंजीनंतर दहा दिवसांच्या आत पोरगं मेलं तर मुंज्या होतं आणि पिंपळावर बसतं, हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं. म्हणजे या भुताला तारीख आहे, झाड आहे, अर्धवट राहिलेली इच्छा आहे. मी उशी पोटाशी घेऊन बसले. मग गोष्ट आजच्या पुण्यात आली, विनोद सुरू झाले, आणि तो संगणकातला मुंज्या इतका वेळ, इतक्या उजेडात दिसत राहिला की त्याचे दात मोजता आले असते. एकदा भूत नीट दिसलं की संपलंच की हो सगळं! सुहास जोशींची आजी मात्र फार गोड. कोकणातली आजी हिंदीत बोलते हे मला शेवटपर्यंत पचलं नाही, पण पैसा हिंदीत आहे, त्याला कोण काय करणार.

दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, आपलेच. 2022चा त्यांचा ‘झोंबिवली’ मराठीत होता, डोंबिवलीतला होता, आणि मला तो ‘मुंज्या’पेक्षा जास्त आवडला. टॉवर आणि झोपडपट्टीचं भांडण त्या झोंबींच्या मुळाशी होतं. हसू येत होतं आणि खाली काहीतरी टोचतही होतं.

‘स्त्री 2’बद्दल लिहून शिव्या खायच्या नाहीत, म्हणून थोडक्यात. पहिल्या भागात भिंतीवर ‘ओ स्त्री कल आना’ लिहिलं की ती परत जायची. नियम साधा, म्हणून मजा. दुसऱ्या भागात डोकं हातात घेतलेला सरकटा आला, पाहुणे कलाकार आले, आणि कोण कशाने मरतं याचा पत्ताच लागेना. पाचशे कोटींच्या वर कमावले, माझ्या मताला विचारतंय कोण!

नियम म्हणजे काय ते ‘तुंबाड’मध्ये बघा. 2018ला फार लोकांनी पाहिला नाही, सप्टेंबर 2024ला पुन्हा लागला तेव्हा मी पहिल्यांदा थिएटरात पाहिला. विनायक सोन्याच्या मोहरांसाठी दोर धरून देवीच्या त्या लालभडक, ओल्या गर्भात उतरतो. अंगावर फक्त लंगोटी. आधी पिठाचं रिंगण आखतो, कारण तिथे कोंडलेल्या हस्तरला, म्हणजे त्या राक्षसाला, ते ओलांडता येत नाही. मग कणकेची बाहुली पुढे करतो, कारण हस्तर जन्माचा भुकेला. तो बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्यात त्याच्या लंगोटाला हात घालायचा, पडतील त्या मोहरा घ्यायच्या आणि वर चढायचं. हे सगळं आपल्याला आधीच माहीत असतं, म्हणूनच दुसऱ्या वेळी तो बाहुली मळायला बसला की तळहाताला घाम येतो. माझ्या शेजारचा कॉलेजातला मुलगा पॉपकॉर्न खायचा थांबला होता. त्यानंतर आठवडाभर पोळ्यांची कणीक मळताना मला तोच आठवत होता, वैताग नुसता.

तसाच ‘भ्रमयुगम’. मल्याळम, 2024चा, अख्खा कृष्णधवल. पळून आलेला एक गायक पडक्या वाड्यात शिरतो. मालक मामुटी. फाशांचा डाव मांडू म्हणतो. याच्याकडे पणाला लावायला काहीच नाही, तर मालक म्हणतो, तुझा वेळ लाव. हरला की वाड्यातून सुटका नाही. बस, एवढंच. मामुटी नुसता जेवत बसला तरी मी पाय वर घेतले. सबटायटल वाचायचा कंटाळा करू नका.

‘शैतान’ बघितलात तर त्याआधी मूळ गुजराती ‘वश’ बघा. दोन्हींत ती मुलगी जानकी बोडीवालाच आहे. समोरचा सांगेल ते करायचं, हसायचं तर हसायचं, एवढाच जाच. हिंदीत माधवन छान, पण शेवट हिरोच्या सोयीचा केलाय. गुजरातीत ती सोय नाही.

सरपोतदारांच्याच ‘थामा’त बेताल आहेत, म्हणजे आपले वेताळच, पण जवळजवळ व्हॅम्पायर केलेले. माझी कुरकुर अशी, की वेताळ आपल्याकडे गावाचा राखणदार. गोव्यात आमोण्याला त्याचं देऊळ आहे, पुण्यात त्याच्या नावाची टेकडी. राखणदारच रागावला तर काय, ही गोष्ट कुणीतरी करा ना!

आता ‘वश’चा दुसरा भाग बाकी आहे. त्यात शाळेतल्या मुली आहेत म्हणे. आमची नववीत आहे, त्यामुळे अजून लावायचा धीर होत नाहीये.