बर्फावरचा सातबारा

'जमिनीचा एजंट' म्हटलं की आपल्याकडे जो माणूस डोळ्यांसमोर येतो त्याच्या पायात पांढरे बूट असतात, कानाला फोन असतो आणि 'साहेब, रोड टच आहे' हे वाक्य जिभेवर तयार असतं. अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तर भागात याच धंद्यातला माणूस जानेवारीत वेगळ्या खुणांनी ओळखू येतो. पायात गुडघ्यापर्यंत येणारे, आतून जाड फेल्टचं अस्तर असलेले बूट, गळ्यात दोरीला अडकवलेल्या दोन टोकदार मुठी आणि गाडीच्या हौद्यात बर्फाला भोक पाडायचं हातभर उंचीचं नव्हे, छातीभर उंचीचं गिरमिट. तो विकतो ते घर नव्हे, रान. हरणांसाठी म्हणून राखलेलं जंगल, तळ्याकाठचा तुकडा, कुणाचं पडीक शेत. घेणारा विचारतो तेही तसंच: हरणं कुठून येतात? धक्क्यापुढे पाणी किती खोल? ही उत्तरं कचेरीत बसून मिळत नाहीत. म्हणून बंदूक आणि गळ ही या धंद्यात हौसेची कमी आणि मोजमापाची जास्त अवजारं आहेत. निदान बायकोला तरी असंच सांगितलं जातं.

कागदाची बाजू आधी उरकू. इथल्या जमिनीची मोजणी 1785च्या कायद्यापासून चौकोनात चालते. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक टाउनशिप, त्यात एकेक चौरस मैलाचे 36 सेक्शन. एका सेक्शनचे 640 एकर. त्याच्या चौथाईची चौथाई म्हणजे 40 एकर. हा तुकडा इतका रुळलेला आहे की लोक नुसतं 'फोर्टी' म्हणतात. त्याची एक बाजू 1,320 फूट. मला यातली आवडती गोष्ट म्हणजे या 36 चौकोनांचे आकडे. ईशान्य कोपऱ्यात 1, तिथून पश्चिमेकडे 6 पर्यंत, मग खाली उतरून 7 पासून उलट पूर्वेकडे. थेट नांगराचा बैल तासाच्या टोकाला वळून परत यावा तसे. गट नंबर शोधताना गावनकाशावर बोट फिरवणाऱ्या आपल्या माणसाला ही चाल समजावून सांगायची गरज नाही.

फक्त या सरळ रेषेला खाली काय आहे याची पर्वा नसते. दलदल असो की तळं, ती नाकासमोर जाते. उन्हाळ्यात अशा फोर्टीच्या पाठीमागच्या कोपऱ्यापर्यंत कोणी जात नाही. आल्डरची गच्च झुडपं, गुडघाभर चिखल, आणि डास तर असे की तोंड उघडायची चोरी. जानेवारीत डास नाहीत, पानं नाहीत आणि झुडपांतून दोनशे फुटांवरचं दिसतं. कोपऱ्यावरची खूण शोधायची तर हाच महिना. पण एक धोका नवख्याला कळत नाही. पडलेलं हिम गोधडीचं काम करतं. थंडी पडायच्या आधीच जाड हिम पडलं तर त्याखालची दलदल उबेत राहते, गोठतच नाही. हवा उणे 20 असते आणि पाय पोटरीपर्यंत काळ्या पाण्यात. पाणकणसांच्या पट्ट्यात तर हमखास.

(मराठीत या दोन्हींना आपण 'बर्फ' म्हणतो. आभाळातून पडतं तेही बर्फ, तळं गोठून होतं तेही बर्फ, गोळेवाला किसतो तेही बर्फच. इथे फरक केल्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही, म्हणून पडतं ते हिम आणि गोठतं ते बर्फ, एवढं या लेखापुरतं धरून चालू.)

ताजं हिम पडून एक रात्र गेली की जमिनीचा खरा सातबारा तयार होतो. मालकी सदरी कोणाचंही नाव असो, कब्जा कोणाचा आहे ते हिमावर उमटतं. शेजाऱ्याची स्नोमोबाइल, म्हणजे हिमावरून पळणारी मोटारगाडी, कोपरा कापून रोज जाते का? पट्टा दिसतो. कुठून झरा फुटतो? तिथे हिम बसत नाही, काळी ओली चकती राहते. रस्ता? या राज्यात 'मिनिमम मेंटेनन्स' नावाचा सरकारी रस्त्यांचा एक प्रकार आहे. अशा रस्त्याच्या तोंडाशी तशी पाटी असते आणि हिम काढणारं नांगरयंत्र तिच्यापाशीच मागे वळतं. जुलैत 'रोड टच' असलेली जमीन जानेवारीत एक मैल चालून गाठावी लागते. घेणाऱ्याला हे जानेवारीतच दाखवावं. जुलैत घेतलेला माणूस जानेवारीत फोन करतो, आणि तो आभार मानायला करत नाही.

जनावरांच्या नोंदी तर पानोपानी. कोवळ्या फांद्यांचे शेंडे बघावेत. ससा फांदी सुरीने छाटल्यासारखी तिरकी, स्वच्छ कापतो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. ते फांदी धरून ओढतं, त्यामुळे तोडलेलं टोक चिंध्या झाल्यासारखं दिसतं. एवढ्या एका खुणेवरून इथे कोण जेवून गेलं ते कळतं. पांढऱ्या सीडरच्या झाडांखाली सगळी हिरवळ एका ठरावीक उंचीपर्यंत साफ झालेली दिसली, जणू कोणी दोरी लावून कापली, तर ही हरणांची हिवाळ्यातली वस्ती. दाट सूचिपर्णी झाडं हिम वरच्यावर झेलतात, खाली चालायला सोपं पडतं, म्हणून ती तिथे गोळा होतात. पाऊलखूण ताजी की शिळी ते बोटाने कळतं: दाबलं गेलेलं हिम काही तासांत घट्ट होतं, ताज्या खुणेत ते अजून भुसभुशीत लागतं. आणि खुरांच्या मागे घसटलेली रेघ दिसली की 'मोठा नर!' म्हणून उडी मारणारे पुष्कळ भेटतात. हिम वीतभर झालं की माद्याही पाय ओढतच चालतात. जाहिरातीत तो नर लिहिण्याचा मोह आवरावा.

पण हिवाळा थापाही मारतो, आणि विकणाऱ्याला त्या थापा फार सोयीच्या असतात. हिमाखाली दलदल आणि कुरण एकसारखंच दिसतं. झाडांच्या मधोमध पांढरं, सपाट, सुंदर मैदान. घेणारा बायकोला म्हणतो, 'इथे केबिन बांधू.' अशा वेळी मान वर करून झाडं बघावीत. कडेने टॅमरॅक उभी असतील तर खाली पाणी आहे. हे झाड सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात सगळ्या सुया गाळतं आणि वाळून गेल्यासारखं दिसतं. 'ही मेलेली झाडं काढून टाकता येतील ना?' असं विचारणारा माणूस नवखा समजावा. काळा ॲश नावाचं झाड असेल तरी तेच. पाणथळ जमिनीला 1991च्या राज्य कायद्याचं संरक्षण आहे, भर टाकून मोकळं होता येत नाही. शिवाय सांडपाण्याच्या टाकीसाठी मातीची तपासणी गोठलेल्या जमिनीत नीट होत नाही, म्हणजे जानेवारीतला सौदा मे महिन्यातल्या खड्ड्यावर अवलंबून ठेवणं हेच शहाणपणाचं.

आता बंदूक. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्द गुन्ह्याच्या बातमीतच भेटतो. इथे ती परवाना, मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी आणि तारखा यांत बांधलेली आहे. हरणांचा बंदुकीचा हंगाम 6 नोव्हेंबरच्या आसपासच्या शनिवारी सुरू होतो. त्या दिवसांत अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा सक्तीचा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या (हा सण नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी) शनिवारपासून नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या बंदुकीचे 16 दिवस, आणि तिरंदाजी 31 डिसेंबरपर्यंत. त्यानंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत उरतात ते मुख्यतः ससे.

थंडीत बंदुकीला थंडी बाधत नाही, ऊब बाधते. दिवसभर उणे 15 मध्ये राहिलेली बंदूक तापलेल्या खोलीत आणली की तिला क्षणात घाम फुटतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसाच. तेच पाणी सकाळी बाहेर नेल्यावर चापाच्या आत गोठतं. उपाय म्हणजे रिकामी करून, पिशवीत घालून, कुलपात पण थंड जागेत ठेवायची. तेल नेहमीसारखं चोपडलं तर तेही लापशीसारखं घट्ट होतं. पुसून जवळजवळ कोरडी करावी. माणसाचं उलट. त्याला घाम चालता चालता फुटतो आणि बसल्यावर गोठतो. जाड कोट पाठीला बांधून हळू चालायचं आणि जागेवर पोहोचल्यावर तो चढवायचा. दोन मोज्यांनी बूट घट्ट झाला तर पाय गार पडतात, कारण ऊब मोज्यात नसते, बोटांभोवतीच्या हवेत असते. सुती बनियन घालून गेलेला माणूस तासाभरात गाडीकडे परततो.

एक गोष्ट मात्र फेब्रुवारीत टाळावी. गळून पडलेली शिंगं गोळा करायच्या नादात हरणांच्या वस्तीतून फिरू नये. तोवर त्यांच्या अंगावरची चरबी संपत आलेली असते आणि गुडघाभर हिमातली एकेक धाव त्यांना महागात पडते. शिंगं कुठे पळून जात नाहीत.

खरी बैठक असते ती तळ्यावर. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी 11,842 तळी आहेत, आणि त्यांच्या काठचा तुकडा विकायचा तर तळ्याचा तळ माहीत हवा. पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं, ते खाली बसतं. त्याहून गार झालेलं वर तरंगतं आणि तिथेच गोठतं. म्हणून वर गाड्या उभ्या आणि खाली मासे जिवंत.

बर्फावर जाण्याचा हिशेब इंचांत असतो. नव्या, पारदर्शक, काळसर बर्फाचे 4 इंच झाले की माणसाने पायी जावं. स्नोमोबाइलला 5 ते 7, लहान गाडीला 9 ते 10, मध्यम पिकअपला 13. पांढरट, दुधी बर्फ निम्म्या ताकदीचा. त्याला सगळे आकडे दुप्पट. चालताना लोखंडी पहारीने पुढ्यात ठोकत जायचं, कारण काल 8 इंच होता तिथून शंभर पावलांवर झऱ्याच्या तोंडाशी 2 असू शकतो. ओढा मिळतो ती जागा, पुलाखालची, दोन बेटांमधली चिंचोळी, या लांबूनच सोडाव्यात. गळ्यातल्या त्या टोकदार मुठी यासाठीच. पाण्यात पडलंच तर आलो त्याच दिशेला तोंड करायचं, कारण तिथल्या बर्फाने इतका वेळ आपलं वजन पेललेलं असतं. मुठी रोवायच्या, पाय पोहल्यासारखे मारायचे, आडवं बाहेर यायचं आणि लोळत लांब जायचं. उभं राहायचं नाही. बाकी रात्री तळं जे घुमतं, कण्हतं, बंदूक उडाल्यासारखं कडाडतं, ते तापमान बदलताना ताणलं-दाबलं जाणाऱ्या बर्फाचं असतं. तेवढ्याने पळत सुटायचं कारण नाही.

भोकाला 6 किंवा 8 इंची गिरमिट पुरतं. कायद्याने 14 इंचांच्या वर जाता येत नाही. पाती वस्तऱ्यासारखी असतात आणि वाळूच्या एका कणाने बोथट होतात, म्हणून गिरमिट जमिनीवर टेकवायचं नाही. ते चालेनासं झालं तर बहुधा धार गेलेली नसते, पातीवर बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो. तो ठोकून काढू नये; आधीच्या भोकातल्या पाण्यात पाती क्षणभर बुडवावीत, उणे 20च्या हवेपुढे ते पाणी कोमटच. आरपार गेल्यावर गिरमिट फिरतं ठेवूनच वर ओढायचं, म्हणजे चुरा बाहेर येतो. उरलेला काढायला जे अवजार मिळतं तो लांब दांड्याचा झाराच आहे. जिलब्या काढाव्यात तसं दर पाच-दहा मिनिटांनी पापुद्रा काढत बसायचं.

तुकडा विकायला असेल तर काठापासून सरळ रेषेत वीस-वीस पावलांवर भोकं पाडावीत, दोऱ्याला वजन बांधून प्रत्येक ठिकाणी तळ मोजावा आणि कागदावर उतार काढावा. चाळीस पावलांवर पाणी कमरेएवढंच निघालं तर उन्हाळ्यात होडी गाळात रुतणार, हे आधीच कळतं. उथळ तळ्यावर हिम फार साचलं तर उजेड खाली पोहोचत नाही, पाणवनस्पती मरतात, प्राणवायू संपतो आणि वसंतात मेलेले मासे काठाला लागतात. 'शांत, सुंदर तळं' या शब्दांमागे कधी कधी हे असतं.

वॉलाय हा इथला लाडका मासा. काटे कमी, मांस पांढरं, चव अशी की मालवणी माणूसही मसाला कमी घालेल. त्याच्या डोळ्यांच्या मागे मांजरासारखा चमकता पडदा असतो, त्यामुळे अंधूक उजेडात त्याला दिसतं आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. म्हणून तो सूर्यास्ताच्या अर्ध्या तासात चरायला निघतो. डिसेंबरअखेर तो अर्धा तास म्हणजे साधारण साडेचार. आमिष तळापासून फूटभर वर. हिवाळ्यात माणशी दोन दोऱ्या चालतात: एक हातात, आखूड काठीला, हलकेच वर उचलून पुन्हा सोडायची आणि मग अगदी स्थिर धरायची, कारण मासा बहुधा त्या स्थिर क्षणी धरतो. दुसरी टिप-अपला. टिप-अप म्हणजे भोकावर आडवी टाकलेली चौकट; तिचं रीळ पाण्याखाली असतं म्हणून गोठत नाही, आणि माशाने ओढलं की वाकवून अडकवलेलं झेंडूसारखं भडक केशरी निशाण ताडकन उभं राहतं. मग दोरा हातानेच ओढायचा. चूक होते ती शेवटच्या हातभर अंतरात: माशाचं डोकं भोकात आलं नसताना हिसका दिला की दोरा बर्फाच्या धारेवर घासून तुटतो. तो आडवा झाला असेल तर सैल सोडावा, पुन्हा फिरून येऊ द्यावा. वॉलायचा हंगाम फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी संपतो.

थंडीत फोनची बॅटरी बघता बघता मान टाकते, म्हणून फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवतात. आमिषाच्या मेणअळ्याही गोठून कडक झाल्या की मासा तोंड लावत नाही, म्हणून त्यांची डबीही तिथेच. आणि शहरातलं गिऱ्हाईक कामावरून सुटून फोन करतं तेही साडेचारलाच, निशाण वर उसळतं त्याच मिनिटाला. तेव्हा फोन डाव्या खिशात आणि अळ्या उजव्या, हे सकाळी निघतानाच पक्कं केलेलं बरं.