बॅटरी बँकेचा फ्यूज निवडताना : माझा अनुभव

आमचे घर ग्रिडला जोडलेले नाही. जुन्या लेड ॲसिड बॅटऱ्या काढून त्यांच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेट सेलच्या तीन बँका समांतर जोडायचे मी ठरवले. प्रत्येक बँकेत २८० अँपिअर-तासाचे १६ सेल, म्हणजे नाममात्र ५१.२ व्होल्ट, आणि तिन्ही मिळून सुमारे ४३ युनिटांचा साठा. सेल, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारे आणि गरज पडल्यास प्रवाह तोडणारे सर्किट) आणि इन्व्हर्टर यांची निवड आठ दिवसांत आटोपली; फ्यूज निवडण्यात मात्र दीड महिना गेला, आणि तो वेळ योग्य कामी लागला असे मला आजही वाटते.

सुरुवातीला माझे सगळे लक्ष अँपिअरवर होते. इन्व्हर्टर १० किलोवॉटचा. बॅटरी ४६ व्होल्टपर्यंत उतरली आणि कार्यक्षमता ९३ टक्के धरली, तर पूर्ण भाराला २३४ अँपिअर लागतात. सतत चालणाऱ्या भारासाठी त्यावर २५ टक्के वाढ धरतात, म्हणजे इन्व्हर्टरच्या फाट्यावर किमान २९२ अँपिअरचा फ्यूज हवा. एक बँक दुरुस्तीसाठी बंद असताना उरलेल्या दोघींवर प्रत्येकी ११७ अँपिअर येतात, म्हणून बँकेमागे १५० अँपिअरचा. एवढे गणित करून मी एएनएल प्रकारचे फ्यूज आणले. जोडण्यापूर्वी एक हातात घेऊन उलटा केला, तेव्हा पट्टीवर बारीक अक्षरांत ‘३२ व्होल्ट डीसी’ असे कोरलेले दिसले. आमची बँक पूर्ण भरली की ५६ व्होल्टच्या वर जाते. ते फ्यूज मी तसेच बाजूला ठेवले.

फ्यूजची तार वितळली म्हणजे प्रवाह थांबला, असे डीसीत गृहीत धरता येत नाही. ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो आणि आर्क, म्हणजे तुटलेल्या टोकांमधल्या फटीतून पेटत राहणारी विजेची ठिणगी, विझायला प्रत्येक वेळी संधी मिळते. बॅटरीच्या डीसीत असा क्षणच येत नसल्यामुळे, तार वितळल्यानंतरही तिच्या दोन टोकांमध्ये आर्क पेटता राहू शकतो आणि फ्यूज फुटून आग लागू शकते. म्हणून अँपिअरइतकाच महत्त्वाचा आकडा असतो ब्रेकिंग कपॅसिटीचा, म्हणजे ठरावीक डीसी व्होल्टेजला तो फ्यूज जास्तीत जास्त किती प्रवाह सुखरूप तोडू शकतो याचा.

आता माझ्या बँकेतून शॉर्ट सर्किटच्या वेळी किती प्रवाह निघेल, हे शोधणे भाग होते. मी एकाच बँकेवर भार टाकून तिच्या टर्मिनलवरचे व्होल्टेज मोजले. २० अँपिअरला ५३.१० व्होल्ट आणि १०० अँपिअरला ५२.७० व्होल्ट, म्हणजे ८० अँपिअरच्या फरकाला ०.४० व्होल्टची घट. अंतर्गत रोध ५ मिलिओहम. ५३ व्होल्टला ५ मिलिओहमने भागले की साडेदहा हजार अँपिअर येतात. भार टाकून बराच वेळ थांबल्यास सेलचे व्होल्टेज सावकाश आणखी उतरते, रोध खोटा मोठा दिसतो आणि धोका कमी भासतो, म्हणून हे वाचन भार टाकल्यावर पहिल्या एक-दोन सेकंदांतच घ्यावे.

समांतर बँकांमध्ये याहून अवघड प्रश्न असतो. एका बँकेच्या आतच शॉर्ट झाला, तर उरलेल्या दोन्ही बँका तिच्याच फ्यूजमधून उलटा प्रवाह ओततात. प्रत्येक बँकेची ५० चौरस मिलीमीटरची, जाऊन-येऊन दोन मीटर तांब्याची केबल सुमारे ०.७ मिलिओहम रोध देते; तो धरून हा प्रवाह १५ हजार अँपिअरच्या आसपास आला. मी निवडलेल्या, वाळूने भरलेल्या क्लास टी फ्यूजची क्षमता १२५ व्होल्ट डीसीला २० हजार अँपिअर होती, म्हणून प्रत्येक बँकेच्या धन टर्मिनलजवळ तोच बसवला. तिन्ही बँका जिथे एकत्र येतात त्या सामाईक बसबारवर (धातूच्या जाड पट्टीवर) मात्र तिन्ही बँकांचे मिळून सुमारे २८ हजार अँपिअर येऊ शकतात. तिथे क्लास टी पुरणारा नव्हता. त्यामुळे इन्व्हर्टरच्या फाट्यासाठी मी ३१५ अँपिअरचा एनएच प्रकारचा औद्योगिक फ्यूज घेतला, ज्याच्या माहितीपत्रकात डीसीची क्षमता माझ्या आकड्याहून स्पष्टपणे जास्त छापलेली होती, आणि फ्यूजने केबलचे रक्षण करावे म्हणून पुढे ७० चौरस मिलीमीटरच्या दोन केबल समांतर टाकल्या.

सौर पॅनेलसाठी मिळणारे छोटे डीसी ब्रेकर वापरावेत, असा सल्ला मला एका तंत्रज्ञाने दिला होता. त्यांच्यापैकी अनेकांवर धन-ऋण खुणा असतात, कारण आतले चुंबक आर्कला एकाच दिशेच्या प्रवाहात विझवणाऱ्या पट्ट्यांकडे ढकलते. बॅटरीचा प्रवाह चार्जिंगला एकीकडून आणि भाराला दुसरीकडून वाहतो, त्यामुळे असा ब्रेकर इथे चालणार नाही, हे मी त्यांना सांगितले आणि त्यांनाही ते पटले. बीएमएस असताना फ्यूज कशाला, हा त्यांचा दुसरा प्रश्न होता. बीएमएसमधले मॉसफेट, म्हणजे प्रवाह चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, बिघडतात तेव्हा अनेकदा चालू स्थितीतच अडकतात; मग प्रवाह तोडायला दुसरे काहीच उरत नाही.

जोडणी झाल्यावर मी २०० अँपिअरचा भार अर्धा तास चालवून सगळे सांधे इन्फ्रारेड थर्मामीटरने तपासले. दोन बँकांच्या फ्यूजचे तापमान ४४ अंश होते, तिसऱ्याचे ६८. उघडून पाहिले, तर लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) आणि फ्यूजच्या पात्यामध्ये स्टीलचा वॉशर गेला होता आणि सगळा प्रवाह त्या वॉशरमधून वाहत होता. लग थेट पात्यावर ठेवला, वॉशर वर नटाखाली घेतला, टॉर्क पान्याने उत्पादकाने दिलेल्या आकड्याइतके आवळले आणि पुन्हा अर्धा तास तोच भार चालवला. तिसऱ्या फ्यूजचे तापमान ४३ अंशांवर थांबले.