तुम्ही विचारलंत म्हणून : किलिमांजारो कठीण की माउंट केनिया?

पावसाळा सरला की हा प्रश्न येतोच. कधी कळसूबाईच्या शिडीखाली थांबलेलं असताना, कधी रात्री उशिरा फोनवर. गेल्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, आणि उत्तरही पुढे जोडलंत : "ताई, केनिया 900 मीटरनं कमी आहे, म्हणजे सरावाला आधी तो, मग किलिमांजारो. बरोबर ना?" हेच गणित मी मांडलं होतं. ते माझ्या मैत्रिणीला भोवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कोणत्या शिखराबद्दल बोलतोय ते पाहू. माउंट केनियाचं सर्वोच्च शिखर बटियान, 5,199 मीटर. शेजारचं नेलिऑन 5,188. ही दोन्ही दोर लावून कातळ चढणाऱ्यांची. आपण चालत जातो ते तिसरं, पॉइंट लेनाना, 4,985 मीटर. किलिमांजारोचं मात्र सर्वोच्च टोक, 5,895 मीटरचं उहुरू, पायी गाठता येतं. उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. 1961 साली टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाला त्या रात्री या डोंगरावर मशाल पेटवली होती. तिथे उभं राहिल्यावर मला ते आठवलं आणि भरून आलं.

आता केनिया. आम्ही तिघी सिरिमोनच्या वाटेनं गेलो. फाटक 2,650 मीटरवर, पहिला मुक्काम ओल्ड मोझेस, 3,300. गाडीरस्त्यानं चालत संध्याकाळी पोचलो, चहा आणि चपाती खाल्ली. (चहा स्वाहिलीत "चाय", चपाती मात्र जशीच्या तशी. आचाऱ्यानं "चपाती" म्हटलं तेव्हा घरी असल्यासारखं वाटलं.) दुसऱ्या दिवशी मॅकिंडर खोऱ्यातून शिप्टन्स, 4,200 मीटर. ही चाल मी आयुष्यभर विसरणार नाही. माणसापेक्षा उंच सेनेसिओची झाडं, कोबीच्या गड्ड्यावर खांब उभा केल्यासारखे लोबेलिया आणि समोर बटियानचा काळा कडा. पायांना काही त्रास नव्हता. राजगडाची धार जो निवांत चालतो, त्याला त्या खोऱ्यात पायांची चिंता नाही.

चिंता होती ती रात्रीची. 3,300 वरून एका दिवसात 4,200 वर झोपायचं. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, हा गिर्यारोहणाच्या वैद्यकातला साधा नियम, आणि आम्ही जवळपास दुप्पट गेलो होतो. आमच्या सहल-कंपनीनं त्या कार्यक्रमात विसाव्याचा दिवस ठेवलाच नव्हता, कारण डोंगर "लहान" होता. मध्यरात्री मैत्रिणीला उलट्या सुरू झाल्या. पहाटे तिला टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं तर ती कलंडली. वाटाड्या क्षणभरही थांबला नाही. उंचीच्या आजारात तोल गेला तर त्याचा अर्थ मेंदूला सूज येत असण्याची शक्यता, आणि त्यावर खरा उपाय एकच : खाली उतरणं. तिला धरून तो अंधारातच निघाला. ओल्ड मोझेसपर्यंत उतरल्यावर ती स्वतःच्या पायांनी सरळ चालू लागली.

मी दुसऱ्या वाटाड्यासोबत वर गेले. शिप्टन्सवरून लेनाना म्हणजे सुमारे 785 मीटरचा छातीवरचा चढ, बहुतेक सगळा घसारा. शेवटी लोखंडी तारा आणि पायऱ्या. कळसूबाईच्या शिड्या चढलेल्याला त्यांची भीती वाटू नये. साडेतीन तासांत सूर्योदय पाहिला. चढ म्हणून विचाराल तर तो आपल्या आवाक्यातला आहे. पण मैत्रीण खाली होती, त्यामुळे मी वर पाच मिनिटंही थांबले नाही.

दोन वर्षांनी किलिमांजारो. माचामे वाट, सात दिवस. दुसऱ्याच दिवशी इथेही 2,835 वरून शिराला 3,800 च्या वर झोपलो, म्हणजे नियम इथेही मोडला. पण नंतरची आखणी शहाणी आहे : तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरला 4,600 पर्यंत चढून पुन्हा बरांकोला सुमारे 3,950 वर उतरायचं आणि तिथे झोपायचं. पुढची रात्र कारांगा, तीही 4,000 च्या आसपास. शरीराला तीन रात्री जवळपास एकाच उंचीवर मिळतात. बरांकोच्या भिंतीला लोक घाबरतात. मला ती या डोंगरावरची सगळ्यांत आनंदाची सकाळ वाटली. हाताला कातळ लागला की आपल्याकडच्या माणसाचा जीव भांड्यात पडतो.

कठीण आहे ती बराफूवरची रात्र. बराफू हा शिखराआधीचा शेवटचा तळ, 4,673 वर, तिथून उहुरू 1,222 मीटर वर. बारी गावातून कळसूबाई चढतो त्याहून हा चढ जास्त, आणि तो विरळ हवेत, मध्यरात्री, गोठवणाऱ्या वाऱ्यात. पाण्याची नळी तासाभरात गोठली. वाटाडे सारखे म्हणत होते, "पोले पोले", हळूहळू. पण त्याहून वेगानं जाणं जमतही नव्हतं. चार पावलं, मग काठीवर कपाळ टेकून श्वास, मग पुन्हा चार पावलं. विवराच्या कडेवरच्या स्टेला पॉइंटला उजाडलं तेव्हा मी रडत होते, आणि शिखर अजून तासाभरावर होतं. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. आणि त्याच दिवशी उतरून म्वेकाला, 3,100 मीटरवर, म्हणजे 2,800 मीटरचा उतार. माझे गुडघे या उताराला दुखले, चढाला नाही.

तर माझं मत. दोन्ही नीट आखले तर किलिमांजारो निःसंशय कठीण, त्या एका रात्रीमुळे. पण तीन-चार दिवसांत उरकलेला केनिया हा सात-आठ दिवसांच्या किलिमांजारोपेक्षा जास्त धोक्याचा. किलिमांजारोचाही मारंगू वाटेचा पाच दिवसांचा कार्यक्रम मिळतो : 2,700, 3,700, 4,700, रोज हजार मीटर. तो घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. पायांची तयारी आपले किल्ले करून देतात, पण इथला सर्वांत उंच माथा 1,646 मीटर. विरळ हवा इथे भेटतच नाही. औषधाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, पण उंचीची सवय लावणाऱ्या रात्रींची जागा कोणतीही गोळी घेत नाही.

केनिया आधी करायचा विचार चांगलाच आहे. फक्त सिरिमोननं जाणार असाल तर ओल्ड मोझेसला दोन रात्री घ्या, मधल्या दिवशी वर फिरून परत या, आणि शिप्टन्सलाही दोन रात्री. तुमच्या सहल-कंपनीनं दिलेल्या कागदावर प्रत्येक मुक्कामापुढे झोपण्याची उंची लिहून मला पाठवा. शिप्टन्सपुढे एकच रात्र असेल तर तिकीट काढण्याआधी बोलू.