गादीपाटाची चिंधी

शनिवार, रात्री साडेनऊ. पेन्सिल्व्हेनिया.

हात दोनदा साबणाने धुतले, तरी गंधकाचा वास जात नाही. आज जाऊही नये असं वाटतंय. 50 यार्डांवर पाच गोळ्या अशा पडल्या की पाचही भोकं एका लिंबाखाली झाकली जातील. तीन शनिवार मी याच्यासाठी झुरत होतो.

बंदूक ठासणीची, चकमकीची, 50 कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच नळीची. अठराव्या शतकात इथल्याच लँकेस्टर भागात जर्मन कारागिरांनी घडवलेल्या लांब नळीच्या रायफलींच्या वळणाची. या राज्यात नाताळनंतर हरणांच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम असतो, त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. 1974 पासूनची ही प्रथा आहे. यंदा मला त्यात उतरायचंय. पण बार नीट बसल्याशिवाय रानात पाऊल टाकायचं नाही हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. हाती एकच गोळी असते. ती हातभर इकडेतिकडे गेली तर जनावर जखमी होऊन दोन दिवस रानात तडफडणार. ते पाप मला नको.

आमच्या कोकणातल्या घरी आजोबांकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. ते दारू तळहातावर घेऊन अंदाजाने ओतायचे. वर सोडणाचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. नळी आतून गुळगुळीत, अंतर वीस-पंचवीस पावलं. तेवढ्याला अंदाज पुरत होता. माझ्या नळीला आतून पीळ आहे, 60 इंचांत एक पूर्ण फेरा. इथे अंदाज चालत नाही.

गोळी शुद्ध शिशाची, गोल, 0.490 इंच व्यासाची. नळी 0.500 इंच. म्हणजे गोळी नळीच्या आट्यांना, त्या पिळाच्या खाचांना, शिवतच नाही. तिच्याभोवती जे तेलकट कापड गुंडाळून आपण ठासतो, ते आट्यांत रुतून बसतं आणि तेच गोळीला पीळ देतं. मागचा जाळही तेच अडवतं. सगळी मदार त्या चिंधीवर. हे मला ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि कळणं वेगळं.

पहिले दोन शनिवार मी दारूच्या मापाच्याच मागे लागलो. 50 ग्रेनपासून (ग्रेन म्हणजे दारू मोजायचं छोटं माप) सुरुवात, मग पाच-पाच ग्रेन वाढवत 75 पर्यंत. नळी बनवणाऱ्यांनी सांगितलेल्या कमाल मापाच्या बऱ्याच खाली. प्रत्येक मापाच्या पाच गोळ्या. दारू साठवायच्या शिंगातली दारू आधी पितळी मापात, मापातून नळीत. शिंगातून थेट नळीत कधीच नाही, कारण आत एखादी ठिणगी उरली असेल तर अख्खं शिंग हातात फुटेल. निकाल काय, तर कधी सात इंचांचा पसारा, कधी नऊ. मध्येच एक गोळी निशाणाच्या कागदालाच लागली नाही. चाप ओढताना मीच दचकतोय, रंजकाच्या, म्हणजे चकमकीखालच्या दारूच्या, भडक्याने डोळे मिटतोय, असं वाटून रात्रभर स्वतःला दोष देत बसलो.

गेल्या शनिवारी नेमबाजीच्या रेंजवरचे एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन उभे राहिले. कागदाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, चिंध्या वेचून आण. गोळीबार थांबल्यावर पुढे गेलो. दहा-पंधरा पावलांवर गवतात माझ्या चिंध्या पडल्या होत्या. एकही धड नव्हती. कडा विस्कटलेल्या, मधोमध रुपयाएवढं काळं भोक. काहींचे तर नुसते दोरेच उरले होते. मग त्यांनी माझ्या डबीतली एक कोरी चिंधी घेतली आणि दोन बोटांनी ओढली. ओल्या कागदासारखी टर्रकन फाटली.

तेल लावून तयार असलेल्या या चिंध्या मी एका दुकानातून आणल्या होत्या. कितीतरी वर्षं फळीवर पडून असणार. तेलात मुरून मुरून सूत कुजलं होतं. दुकानदाराने ताज्या म्हणून दिल्या, याचा राग अजून गेलेला नाही. वाया गेलेली दारू आणि शिसं परत आणता येतं. स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला होता, त्याचं काय?

मंगळवारी कापडाच्या दुकानात जाऊन गादीपाट आणलं. निळ्या पट्ट्यांचं, घट्ट विणीचं, आईने गाद्यांच्या खोळी शिवलेलं अगदी तसंच. खळ जाण्यासाठी दोनदा धुतलं, मोजलं, 18 हजारांश इंच भरलं. मेण आणि ऑलिव्ह तेल एकत्र वितळवून त्यात बुडवलं.

आज ठासताना पहिल्याच गोळीला फरक जाणवला. तोंडाशी लाकडी ठोकणीवर तळहाताचा चांगला फटका द्यावा लागला, आणि मग गज खालपर्यंत एकसारख्या दाबाने उतरला. गजावर मी खूण केली आहे. ती नळीच्या तोंडाशी आली की गोळी दारूवर टेकली. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, म्हणून ही खूण दर वेळी बघतो. दर बारानंतर थुंकीने ओलावलेली चिंधी एकदा आत-बाहेर, मग एक कोरडी. काजळी साठू दिली की तिसरी-चौथी गोळी ठासताना अडकते आणि कागदावर वर लागते.

60 ग्रेनला साडेतीन इंच. 65 ला अडीच. 70 ला लिंबू. 75 ला पुन्हा तीनच्या पुढे. मग 70 वर परत येऊन आणखी पाच टाकल्या, योगायोग नको म्हणून. तेवढ्याच जागेत.

चिंध्या वेचल्या. जाळाचा काळा गोल मध्यभागी, भोवती आट्यांच्या फिक्या खुणा फुलाच्या पाकळ्यांसारख्या, निळे पट्टे शाबूत. म्हाताऱ्या गृहस्थांनी एक उजेडात धरून बघितली, नुसती मान हलवली आणि मला परत दिली.

ती या पानात ठेवली आहे. 70 ग्रेन, थ्री-एफ (बारीक दाण्याची) दारू, 0.490, गादीपाट. कागदाला तेलाचा डाग पडतोय, पडू दे.