प्रोजेक्टर आहे, तर पडदे कशाला रंगवता?

गॅदरिंग आटोपलं की आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांचे फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तोच असतो. "मॅडम, शाळेत प्रोजेक्टर आहे, तर जंगल, गाव, पाऊस सगळं त्याच्यावरच काऊन नाही दाखवत? त्याच्यावर नुसत्या गावांच्या नावांच्या पाट्याच काय दाखवता?" परवा भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीकडच्या एका सरांनी पुढचंही विचारलं. मांडव घालणारा बिछायतवाला आता एलईडी भिंतसुद्धा भाड्याने देतो, तीच का नको? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते. म्हणजे पुढच्या वेळी फोनवर घसा कोरडा करावा लागणार नाही.

आधी थेट उत्तर. प्रोजेक्टरच्या चित्राला अंधार लागतो, आणि आईबापांना आपलं लेकरू बघायला उजेड लागतो. आमच्या ओट्यावर या दोघांचं जमत नाही. अक्षरांचं मात्र जमतं, कारण त्यांना जागा थोडी लागते.

हिशोब करून बघा. शाळांकडे असतात ते प्रोजेक्टर साधारण ३००० ल्युमेनच्या आसपासचे. ल्युमेन म्हणजे यंत्रातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो ठरलेला असतो, आपण फक्त तो किती जागेवर पसरायचा ते ठरवतो. १० फूट रुंद आणि साडेसात फूट उंच चौकटीत पसरला, तर दर चौरस फुटाच्या वाट्याला ४० ल्युमेन येतात. तीच चौकट ओटाभर, म्हणजे २० फूट केली की उंचीही दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट होतं आणि वाट्याला उरतात १०. समोरून दोन हॅलोजन लावले की त्या दहांचं नामोनिशाण राहत नाही. मग कोणीतरी ओरडतं, "लाइट बंद करा, सीन दिसत नाही." लाइट बंद केले की सीन दिसतो, आणि त्यापुढे अंधारात एक पोरगी जीव तोडून गात असते.

एलईडी भिंतीला हा त्रास नाही, ती भर उजेडातही लखलखते. तिचा त्रास उलटा आहे. तिच्यापुढे उभं राहिलेलं लेकरू काळं दिसतं. त्यात पालक बसलेले असतात मोबाइल धरून. मोबाइलचा कॅमेरा उजेडाचा अंदाज त्या भिंतीवरून घेतो, आणि घरी जाऊन बघतात तर मागचा धबधबा झकास, नाचणारं पोरगं कोणाचं ते ओळखू येत नाही. भाडं आणि जनरेटरचं डिझेल वेगळंच. मला विचाराल तर दुसरीतल्या पोराच्या मागे हलता धबधबा लावणं हा त्या पोरावर अन्याय आहे. तो आठ दिवस पाठ केलेलं म्हणतोय आणि लोक पाणी बघताहेत.

म्हणून आमच्याकडे नियम असा आहे: वस्तू हाताने करायची, शब्द प्रोजेक्टरवर टाकायचा. आणि जे वस्तू सांगू शकते, त्यासाठी शब्द वापरायचा नाही.

यंदाचं आमचं संगीत नाटक मुक्कामी गाडीवर होतं. शहरातल्यांसाठी सांगते: संध्याकाळी तालुक्याहून निघून रात्री गावात थांबणारी, ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपणारी, पहाटे पहिल्या फेरीला निघणारी एसटी, ती मुक्कामी. गाणी पोरांनीच जुळवली, पेटी आमच्या सरांची, ढोलकी भजन मंडळातली. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली, हे सातवीतल्या एकाने कुठूनतरी शोधून आणलं आणि तारखेसकट चालीत बसवलं. "एकोणीसशे अठ्ठेचाळीस" ढोलकीवर इतकं चांगलं बसेल असं मला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

गाडीच्या रंगावरून भांडण झालं. मुलं म्हणाली, एसटी लालच. मुली म्हणाल्या, आम्ही ज्या गाडीने जातो ती मानव विकासची, म्हणजे सरकारच्या त्या कार्यक्रमातली मुलींना शाळेत नेणारी एसटी, आणि ती निळी. दोघांचं खरं होतं. शेवटी गाडीचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा केला, त्याला दोन्ही बाजूंनी मांजरपाट ताणलं, एक बाजू लाल रंगवली, दुसरी निळी. रात्री मुक्कामाला येते ती लाल. पडद्यामागे नेऊन फिरवली की सकाळची शाळेची निळी. उंची कमरेपर्यंतच ठेवली. वर खिडक्या नाहीत, टप नाही. पोरं आत उभी राहून सांगाडा धरून चालतात आणि चेहरे पूर्ण दिसतात. सांगाडा बांधायला गावातल्या बुरड काकांना बोलावलं. त्यांनी माझं कागदावरचं चित्र बघितलं, बाजूला ठेवलं आणि विचारलं, "आत किती लेकरं, ते सांगा." नेपथ्याबद्दल मला आजवर विचारलेला हा सगळ्यात चांगला प्रश्न.

रंग दुकानातले डबे आणू नका. खडूची भुकटी, गेरू, नीळ, काजळी आणि गरम पाण्यात विरघळवलेला सरस एवढ्यावर भागतं. स्वस्त आहे हे तर झालंच, पण हा रंग वाळल्यावर चमकत नाही हे त्याहून महत्त्वाचं. वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सची मागची बाजू फुकट मिळते म्हणून सगळे ती वापरतात. पण फ्लेक्स गुळगुळीत असतो. हॅलोजन पडला की मधोमध पांढरा डाग उठतो आणि समोरच्या माणसाला तोच दिसतो. मांजरपाटावर उजेड मुरतो.

आता मैलाचा दगड, कारण माझं सगळ्यात आवडतं काम ते आहे. पोरींना सांगितलं, शाळेत येताना रस्त्याकडेचे दगड बघत या. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं असतं, राज्य महामार्गाचं हिरवं, आणि ग्रामीण रस्त्याचं केशरी. आठवीपर्यंतच्या अर्ध्या पोरांनी हे रोज बघितलेलं होतं, पण लक्षात कोणाच्याच आलेलं नव्हतं. आम्ही थर्माकोलचा एकच दगड केला आणि त्याला तीन टोप्या. गाडी साकोलीहून निघते तेव्हा पिवळी, पुढे हिरवी, आणि गावाच्या फाट्याला केशरी. टोपी बदलतो तो पाचवीतला मुलगा. तो सगळ्यांसमोर येतो, टोपी बदलतो आणि जातो. गाडी आत आत चालली आहे हे एकही शब्द न लिहिता कळलं. मागच्या रांगेतल्या एका ट्रॅक्टरवाल्या काकांनी केशरी टोपी बघून "आलं गाव!" अशी आरोळीच दिली.

मग पाट्या उरतात कशासाठी? थांब्यांच्या नावांसाठी. पाटीसाठी आम्ही पडदा वापरतच नाही. एक खरी प्लायवूडची फळी, ८ फूट लांब, दीड फूट रुंद, फिकट करड्या रंगाची, कडेने काळी पट्टी, ओट्याच्या मागच्या बाजूला जमिनीपासून ७ फुटांवर टांगलेली. प्रोजेक्टरची अक्षरं नेमकी त्या फळीवर पडतात. स्लाइड पूर्ण काळी आणि त्यात पांढरी अक्षरं. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही हे ध्यानात ठेवा. काळं म्हणजे तिथे त्याचा उजेड जवळजवळ नाही, एवढंच. थोडा उजेड गळतोच आणि साध्या पडद्यावर करडी चौकट दिसते. फळीची स्वतःची चौकट असली की ती नजरेत येत नाही. एसटी स्टँडवर टांगलेली पाटीच वाटते, फक्त तिच्यावरचं गाव बदलत जातं. हॅलोजनला वरून पत्र्याची झापडं लावा, म्हणजे उजेड पोरांच्या तोंडावर राहील, फळीवर चढणार नाही.

अक्षर केवढं हवं? पाट्या रंगवणाऱ्यांचा ठोकताळा असा की दर १० फुटांना १ इंच. आमची शेवटची रांग ६० फुटांवर, म्हणजे अक्षर ६ इंच. पण हे ६ इंच शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायचे. वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, हे धरून ओळीला जवळपास दुप्पट उंची लागते. म्हणून दीड फुटाच्या फळीवर एकच ओळ मावते आणि त्या ओळीत पंधराएक अक्षरं. दोन ओळी लिहायचा मोह टाळा. टाइप जाड घ्या, पण फार जाड नको. बारीक टाइपात "लाखांदूर"चा अनुस्वार लांबून दिसतच नाही, आणि फारच जाड घेतला तर "ब्रह्मपुरी"मधला ह्म चिखलासारखा भरून जातो. मी 'मुक्ता' वापरते. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला आहे, फुकट मिळतो. ऑफिसातल्या जुन्या टाइपात, म्हणजे कृतिदेव वगैरेत, स्लाइड करू नका. ज्या लॅपटॉपवर तो टाइप नसतो तिथे सगळ्या गावांची नावं इंग्रजी अक्षरांचा भुसा होऊन येतात. कोणत्याही टाइपात करा, पण शेवटी प्रत्येक पाटीचं चित्र करून घ्या आणि तेच स्लाइडवर ठेवा. मग लॅपटॉप कोणाचाही चालतो.

वेळेचं आता सांगते, कारण इथे बहुतेकांची गाडी घसरते. गाणं चालू असताना पाटी बदलू नका. डोळे वाचायला लागले की कान अर्धे बंद होतात. पाटी आधी यावी, हळू वाचणाऱ्यालाही पुरेल इतकी थांबावी, मग ढोलकी सुरू व्हावी. आणि कंडक्टरने ते नाव मोठ्याने पुकारलंच पाहिजे, कारण पुढे बसलेल्या कितीतरी आज्या वाचत नाहीत. आमच्याकडे पहिल्या प्रयोगाला एक गोष्ट आपोआप घडली. पाटी पडली की पुढे सतरंजीवर बसलेली पहिली-दुसरीची पोरं अक्षर लावून लावून मोठ्याने वाचू लागली, "ला-खां-दू-र". मागून एक आजी विचारते, "का लिवलं गा?" आणि तिचा नातू ओरडून सांगतो. ढोलकीवाल्या पोराने ते पकडलं आणि त्या चार अक्षरांवर चार थापा दिल्या. पुढच्या थांब्यापासून सगळं मैदान वाचायला लागलं. आम्ही बसवलं असतं तर इतकं जमलं नसतं. आता ते नाटकात आहे.

आपल्याकडचा प्रेक्षक कच्चा समजू नका, हेही सांगून ठेवते. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या धानाच्या पट्ट्यात, दिवाळीपासून होळीपर्यंत, धान घरात आलं की, रात्र रात्र नाटकं चालतात. वडशाला नाटक मंडळ्यांची ऑफिसं आहेत. इथल्याच रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तुमच्या पुढे बसलेल्या आजोबांनी आयुष्यात किती पडदे उठताना-पडताना बघितले असतील, विचार करा. त्यांना रंगवलेला पडदा म्हणजे जंगल हे सांगावं लागत नाही. एखादं पळसाचं झाड रंगवलं तरी ते त्यातून जंगल बघतात. उलट इंटरनेटवरून उतरवलेलं देवदाराचं बर्फाळ जंगल लावलंत, तर पहिला हसणारा तोच आजोबा असेल.

बाकी किरकोळ. प्रोजेक्टर बांबूच्या मचाणावर, मधोमध ठेवा. बाजूला ठेवला की चौकट तिरपी होते आणि दुरुस्त करताना अक्षरं फिसकटतात. मेनूत जाऊन सिग्नल नसतानाचा रंग काळा करून ठेवा, नाहीतर वायर हलली की पाटीवरच काय, अर्ध्या ओट्यावर निळा उजेड पडतो. लॅपटॉपवर स्लाइड चालू असताना 'बी'चं बटण दाबलं की पडदा काळा होतो, परत दाबलं की पाटी हजर. प्रोजेक्टरला कॉम्प्युटरचा यूपीएस जोडा; वीज गेली तर दोन-चार मिनिटं मिळतात, तेवढ्यात जनरेटर सुरू होतो. दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला तर तो थंड होईपर्यंत परत चालू करायची घाई नको. कार्यक्रम दिवाळीच्या सुमारास असेल तर धानावरचे तुडतुडे उजेडावर झेपावतात. भिंगापुढे ते बसले की पाटीवर त्यांच्या सावल्या हिंडतात, म्हणून एका माणसाच्या हाती मऊ कापड द्या. जानेवारीत हा त्रास जवळजवळ नसतो.

लॅपटॉपवर बसायला शिक्षक नको, विद्यार्थी हवा, आणि तोही गाणी तोंडपाठ असणारा. आमच्याकडे नववीतली एक मुलगी बसते. ती स्क्रीनकडे बघत नाही, ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघते. तिच्या आईने सुरुवातीला मला येऊन विचारलं होतं, पोरीला नाटकात काम काऊन दिलं नाही. मी त्या आईलाच तालमीला मचाणाजवळ बसवलं. दोन थांबे झाल्यावर ती माउली पोरीच्या कानाला लागली, "लवकर बदलू नको, मले वाचू दे." तिची सूचना आम्ही पाळली, प्रत्येक पाटी आणखी थोडी थांबवली.

तर सर, एलईडी भिंतीचं बुकिंग केलं नसेल तर करू नका. तुमच्या ओट्याची रुंदी, ओट्यापासून शेवटच्या रांगेपर्यंतचं अंतर आणि प्रोजेक्टरवर लिहिलेले ल्युमेन एवढं कळवा. फळी केवढी करायची आणि मचाण कुठे बांधायचं ते सांगते. दगडाच्या टोप्या हव्या असतील तर आमच्याच घेऊन जा, फक्त केशरीला नव्याने रंग द्यावा लागेल.