आईच्या पोटावरचा फुगवटा आणि ५२ शुगर

आईला इन्सुलिन चालू होऊन चार वर्षं झाली, सकाळ-संध्याकाळ ३०/७० चं पेन, म्हणजे लवकर आणि सावकाश लागू पडणारं इन्सुलिन एकत्र. "सुईवर गेली म्हणजे संपलंच आता" वगैरे नातेवाइकांनी ऐकवून झालं, पण तिला सुईची भीती कधी नव्हतीच, चार मिलिमीटरची तर सुई.

घोळ वेगळाच झाला. गेल्या वर्षी शुगर काही केल्या २५० च्या खाली येईना, सकाळचा डोस १६ वरून वाढत वाढत २४ युनिटवर गेला तरी तेच. मी तिच्यावरच चिडायचो, गुपचूप खातेस म्हणून (खात होती म्हणा, पण इतकं नाही). एकदा ती टोचत असताना बाजूला बसलो तर बेंबीच्या उजवीकडे लिंबाएवढा मऊ फुगवटा. हे काय गं, तर म्हणे "अरे तिथे दुखत नाही, म्हणून रोज तिथेच घेते."

एकाच जागी रोज टोचलं की तिथली चरबी फुगते आणि त्यात गेलेलं इन्सुलिन रक्तात धड पोचत नाही, कधी उशिरा, कधी कमी. म्हणजे आम्ही डोस वाढवत होतो आणि तो तिथेच अडकत होता.

मग मी शहाणपणा केला. डॉक्टरांना न विचारता म्हटलं उद्यापासून डावीकडे घे. तिने घेतलं, तेच २४ युनिट, आणि चांगल्या जागेतून ते सगळंच्या सगळं लागू पडलं. अकराच्या सुमाराला मेथी निवडता निवडता हात थरथरायला लागले, ब्लाऊज घामाने भिजला, विचारतोय एक आणि ती सांगतेय भलतंच. मीटरवर ५२. सत्तरच्या खाली म्हणजे लो. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी ७८, मग पोळी-भाजी. शुद्ध हरपली असती तर तोंडात काहीच घालायचं नव्हतं, सरळ हॉस्पिटल.

डॉक्टरांनी मलाच झापलं. जागा बदलायची तर डोस आधी कमी करायचा, तोही त्यांना विचारून. आता परत १७ वर आहे. सुई दरवेळी नवी, जागा दोन बोटं सोडून. फुगवटा ओसरायला महिने लागतात म्हणे, अजून आहे थोडा. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी ती आता रोज "उ" नाहीतर "डा" लिहिते, आणि मी ते चोरून तपासतो.